सुई घेण्याआधी आर्मला विचारा

पत्र थोडक्यात असं: एका वाचक भगिनींकडे त्यांच्या वडिलांचं, १९७० च्या दशकातलं, बेल्टवर चालणारं टर्नटेबल आहे. वडील गेल्यापासून ते बरीच वर्षं बंद होतं. आता सुरू केल्यावर गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येतात, तेही रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यांत जास्त. शिवाय डावीकडचा आवाज मध्येच जातो आणि हेडशेलला, म्हणजे सुई वाहणाऱ्या लांब आर्मच्या टोकावरच्या पट्टीला, हलकी टिचकी मारली की परत येतो. कार्ट्रिज, म्हणजे हेडशेलखाली बसणारा, सुई धरणारा छोटा भाग, श्युअर कंपनीचं एम४४ आहे. पुढे काय करावं याचे त्यांच्यासमोर चार पर्याय आहेत. एक, बिननावाची स्वस्त सुई. दोन, ऑनलाइन सापडलेली श्युअरचीच जुनी सीलबंद सुई, जी चांगलीच महाग आहे. तीन, भाचा म्हणतो तसं सगळं बदलून मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेची गुंडाळी हलते त्या जातीचं) कार्ट्रिज. चार, भाऊ म्हणतो तसं सरळ विकून टाकणं. बाबांच्या यंत्रात शक्यतो सगळं मूळचंच राहावं असं त्यांना वाटतं. स्वस्त सुईने रेकॉर्ड्स खरवडल्या जातील ही धास्ती आहे. आणि पेटीत थोड्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स आहेत, त्याही याच सुईने वाजतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार.

विकण्याचा सोडला तर बाकीचे पर्याय एकाच गृहीतकापासून फुटतात: सुई गेली आहे. गेली असेलही. पण तुम्ही लिहिलेल्या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या वाटत नाहीत, आणि त्यातली एक तर बहुधा सुईची नाहीच. म्हणून खरेदीचं जरा थांबवू आणि आधी यंत्राकडे बघू.

टिचकी मारली की डावी बाजू परत येते, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. माझ्या लेखी पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. झिजलेली सुई आवाज फाडते, खरखर वाढवते, पण एक बाजू पूर्ण घालवून पुन्हा आणून देत नाही. ते काम मळलेल्या किंवा सैल जोडणीचं. आर्मच्या टोकाला हेडशेल जिथे अडकतं, तिथली गोल कडी फिरवून सैल करा आणि हेडशेल सरळ बाहेर ओढा. त्याच्या मागच्या तोंडाशी चार बारीक ठिपके दिसतील, धातूचे. इतकी वर्षं बंद राहिल्यावर त्यांच्यावर काळपट थर चढलेला असतो. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसा. पहिली काडी काळी होईल, दुसरी कमी काळी. आता आर्मच्या तोंडात डोकावा. तिथे याच ठिपक्यांना टेकणाऱ्या चार टाचण्या आहेत, आणि त्या स्प्रिंगवर आत-बाहेर होतात. लाकडी दात-कोरणीने एकेक अलगद दाबून बघा. एखादी आत जाऊन तिथेच बसली, परत बाहेर आली नाही, तर तुमचा चोर सापडला.

मग हेडशेलमधल्या चार नाजूक वायरी. पांढरी डावीकडची, निळी तिच्या जोडीची. लाल उजवीकडची, हिरवी तिच्या जोडीची. त्यांच्या टोकाच्या टोप्या बारीक चिमट्याने धरून कार्ट्रिजच्या पिनांवर थोड्या मागेपुढे सरकवा, म्हणजे आतली पुटं घासून निघतात. चिमटा टोपीलाच लावा. वायरीला धरून ओढलंत तर ती हमखास तुटेल, आणि मग डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम निघेल. डाग द्यायची वेळ आलीच तर टोपी कार्ट्रिजवरून काढून मग द्या. पिनेतून आत गेलेल्या उष्णतेने आतल्या तारेच्या गुंडाळीचा जोड सुटू शकतो.

एवढं करूनही डावी बाजू रुसत असेल तर ॲम्प्लिफायर बंद करा आणि कार्ट्रिजच्या मागे दोन्ही जोड्यांची अदलाबदल करा: पांढरी-निळीच्या जागी लाल-हिरवी, आणि उलट. दोष उजवीकडे सरकला तर तो कार्ट्रिजमध्ये आहे. डावीकडेच राहिला तर कार्ट्रिज निर्दोष आहे. वायरी, आर्म किंवा ॲम्प्लिफायर तपासा. नवीन कार्ट्रिज घेऊनही हा दोष तसाच राहिला असता, हे लक्षात घ्या.

आता ‘स’ आणि ‘श’. इथे सुईवर संशय घ्यायला जागा आहे, पण झीज हे एकच कारण नाही. रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, मिनिटाला ३३⅓ फेरे. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास ५० सेंटिमीटर खाच सरकते, आणि शेवटच्या गाण्याशी पोचेपर्यंत जेमतेम २० ते २२. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. दहा हजार हर्ट्झच्या आसपासचा सूर, म्हणजे ‘स’मधला वरचा सीत्कार, आतल्या खाचेत साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लाटेत बसतो. गोल टोकाच्या सुईच्या टोकाची त्रिज्या असते १५ ते १८ मायक्रॉन. असलं टोक त्या वळणांत नीट शिरतच नाही, ते वळणांच्या माथ्यांवरून घसरत जातं. म्हणजे गोल टोकाची सुई कोरी करकरीत असली तरी शेवटच्या गाण्यात थोडा चुकारपणा करणारच. तुमच्याकडे एम४४ पैकी ४४-७ ही सुई असेल, तर ती गोल टोकाचीच आहे.

तरी आधी साध्या गोष्टी तपासा. सुईच्या टोकाला धुळीचा गोळा आहे का? नुसत्या डोळ्यांना न दिसणारा गोळासुद्धा ‘स’ फाडतो. मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बाजूकडून तुमच्याकडे, एकाच दिशेने झटका. आडवं कधीही नाही. सुईचा दाब किती आहे? ४४-७ साठी तो दीड ते तीन ग्रॅम असावा लागतो. रेकॉर्ड वाचवायची म्हणून कुणी तो एक ग्रॅमवर आणून ठेवला असेल तर सुई खाचेत उड्या मारत असणार. दाब कमी म्हणजे रेकॉर्डला कमी त्रास, ही समजूत फार पसरलेली आहे आणि फार नुकसान करणारी आहे. हलकी सोडलेली सुई खाचेच्या भिंतींवर आपटते, आणि ते आपटणं योग्य दाबापेक्षा जास्त घातक ठरतं.

आणि एक चाचणी मी आवर्जून करायला सांगतो. बाबांच्या संग्रहातली कमीत कमी वाजलेली रेकॉर्ड काढा. प्रत्येक संग्रहात अशा दोन-तीन असतातच, कुणीतरी भेट दिलेल्या, घरात कुणालाच न आवडलेल्या. तिचं शेवटचं गाणं ऐका. तिथे ‘स’ स्वच्छ आला आणि लाडक्या रेकॉर्ड्सवरच फाटला, तर झीज खाचेत आहे. ती कुठल्याच सुईने पूर्ण भरून येणार नाही. थोडी आशा एवढीच की निराळ्या आकाराचं टोक खाचेच्या भिंतीवर निराळ्या उंचीला टेकतं, आणि कधी कधी ती पट्टी अजून शाबूत असते.

समजा, तपासणीत सुईच दोषी ठरली. तर मग ‘मूळचं राहावं’ या तुमच्या इच्छेकडे येऊ.

टर्नटेबलच्या कार्ट्रिजमध्ये दोन भाग असतात. बॉडी, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळ्या आणि मागच्या चार पिना, आणि पुढून ओढली की निघणारी सुई. तुमच्याकडे आहे तशा मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलतो त्या जातीच्या) कार्ट्रिजच्या बॉडीत झिजण्यासारखं काही नाही. ती पन्नास वर्षं सहज टिकते. सुई मात्र खर्ची पडणारी वस्तू आहे. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते, धूळ आणि टोकाच्या आकारानुसार कमी-जास्त. नीलमण्याची त्याच्या आसपासही पोचत नाही. बाबा रोज तासभर जरी ऐकत असतील, तरी दोन-तीन वर्षांत त्यांना सुई बदलावी लागली असणार. म्हणजे आज हेडशेलमध्ये आहे ती त्यांची पहिली सुई असण्याची शक्यता फार थोडी. त्या काळी बरीच चांगली टर्नटेबलं कार्ट्रिजशिवायच विकली जायची. कार्ट्रिज गिऱ्हाईक आपल्या पसंतीने बसवून घ्यायचं. बाबांनी निवडली ती बॉडी, आणि ती निवड तुम्हाला जपता येते. सुई बदलणं हा तर त्यांचाच शिरस्ता असणार.

सीलबंद जुन्या सुईबद्दल मला शंका आहे ती याच्या पुढची. सुईची बारीक दांडी एका इवल्याशा रबरी कडीत रोवलेली असते, आणि दांडी किती सहज हलेल ते ही कडी ठरवते. हिऱ्याला काळ काही करत नाही. रबराला करतो, पाकीट उघडलेलं असो वा नसो; टेबलाच्या खणात पडून राहिलेल्या रबरबँडचं जे होतं तेच. कडक झालेलं रबर दांडीला हलू देत नाही आणि वरचे सूर कर्कश होतात. मऊ पडलेलं रबर वजन पेलत नाही आणि कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायला येतं. श्युअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदाच बंद केला. ४४-७ त्यांनी जवळपास शेवटपर्यंत काढली. त्यामुळे ‘सीलबंद’ या शब्दाआड १९७८ ची सुई असू शकते आणि २०१६ चीही. विकणाऱ्याकडे पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, परत घेणार का ते विचारा. दोन्हीला टाळाटाळ झाली तर तो नाद सोडा. संग्राहकाला पाकिटाची किंमत असते, ऐकणाऱ्याने ती भरायचं कारण नाही.

बिननावाच्या सुईची बाजू मी थोडी घेईन. नवी, गोल टोकाची, नीट घासून गुळगुळीत केलेली साधी सुई योग्य दाबावर असेल तर रेकॉर्ड खरवडत नाही. खरवडते ती झिजून दोन्ही अंगांनी चपटी झालेली, महागडी असली तरी. स्वस्तातल्या सुयांची अडचण वेगळी आहे: दहापैकी कुठली हातात येईल ते सांगता येत नाही. टोक तिरकं चिकटवलेलं असतं, दांडी समोरून पाहिली तर एका अंगाला झुकलेली असते, प्लॅस्टिकचा खोका बॉडीत डुगडुगतो. आली की भिंग घेऊन समोरून बघा. दांडी आणि टोक सरळ उभ्या रेषेत नसेल तर बसवूच नका. ‘डायमंड’ लिहिलेलं असलं तरी ते सगळं टोक हिऱ्याचं आहे की धातूच्या कांडीवर हिऱ्याचा कण चिकटवलाय, हेही विचारण्यासारखं. दुसऱ्या प्रकारात टोक जड होतं आणि त्याची चपळाई कमी होते.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. जुन्या कार्ट्रिजसाठी आजही नव्या सुया घडवणाऱ्या कंपन्या आहेत. जपानची जिको त्यात ठळक. ही मंडळी एकोणिसाव्या शतकात शिवणाच्या सुया करायची, आणि एम४४ च्या सुया ती आजही करते. एम४४ च्या एकाच बॉडीवर ४४-७ ही गोल टोकाची, ४४ई ही लंबगोल टोकाची, आणि ४४-३ ही ७८ साठीची अशा वेगवेगळ्या सुया बसतात. तुमचा ‘स’ शेवटच्या गाण्यात फाटतो, म्हणून मी लंबगोल सुचवेन. तिचं टोक खाचेच्या दिशेने अरुंद असतं, साधारण आठ-दहा मायक्रॉन, म्हणून ती आतल्या वळणांत शिरते.

त्याहून बारीक आकारही मिळतात. शिबाता हा त्यातला गाजलेला, जपानच्या जेव्हीसी कंपनीत १९७० च्या दशकात चार ध्वनिमार्गांच्या रेकॉर्ड्ससाठी घडवलेला. हे आकार खाचेशी फार प्रामाणिक असतात आणि म्हणूनच कार्ट्रिज अंशभर वाकडं बसलेलं असेल तरी कुरकुरतात. नीट बसवायची तयारी नसेल तर त्यांच्यावर पैसे घालू नका. वाकड्या बसलेल्या शिबातापेक्षा सरळ बसलेली साधी लंबगोल परवडली, असं माझं ठाम मत आहे.

भाच्याचा सल्ला तुम्ही ‘तरुणांचं खूळ’ म्हणून उडवून लावलात, पण त्यात अर्धं तथ्य आहे. कोणतं कार्ट्रिज चांगलं, याला एकटं उत्तर नसतं. ते तुमच्या आर्मला शोभणारं हवं. आर्म आणि सुईची दांडी मिळून एक झोका तयार होतो आणि प्रत्येक झोक्याची स्वतःची एक लय असते. ती लय सेकंदाला ८ ते १२ हेलकाव्यांच्या मध्ये पडावी. त्याखाली गेली तर रेकॉर्डचा किंचित बाकसुद्धा आर्मला डोलवू लागतो, वर गेली तर गाण्यातल्या खर्जात घुसते. हिशेब अवघड नाही. आर्मचं हलताना जाणवणारं वजन (काट्यावरचं नाही, माहितीपत्रकात ते वेगळं दिलेलं असतं) अधिक कार्ट्रिजचं वजन अधिक स्क्रूंचं वजन, सगळं ग्रॅममध्ये. त्या बेरजेला कार्ट्रिजच्या लवचीकपणाच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा, आणि १५९ ला त्याने भागा.

समजा तुमच्या बेरजेचं उत्तर २५ ग्रॅम आलं. काढत्या-घालत्या हेडशेलच्या, एस-आकाराच्या जुन्या आर्मला ते अगदी शक्य आहे. लवचीकपणा १० असलेलं कार्ट्रिज लावलं तर १५९ भागिले १५.८, म्हणजे जवळपास १० हर्ट्झ. झकास. त्याच आर्मला ३० लवचीकपणाचं, खूप मऊ, नावाजलेलं कार्ट्रिज लावलं तर उत्तर ५.८. मग स्पीकरचे पडदे विनाकारण धापा टाकताना दिसतील आणि तुम्ही म्हणाल, एवढं महाग आणलं तरी कसं? जपानी कंपन्या लवचीकपणाचा आकडा बरेचदा १० हर्ट्झऐवजी १०० हर्ट्झवर मोजून देतात. तसा असेल तर त्याला दीड ते दोनने गुणून मग हिशेबात घ्या. हे एक न कळल्यामुळे चांगली कार्ट्रिजं बदनाम झालेली आहेत.

भाचा बरोबर आहे तो इथे: कित्येक मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजं ताठ असतात आणि जड आर्मला शोभतात. डेनॉनचं डीएल-१०३ हे १९६० च्या दशकात जपानी प्रसारणासाठी तयार झालेलं, गोल टोकाचं, अडीच ग्रॅम दाबाचं कार्ट्रिज आजही जुन्या जड आर्मवर लोक हौसेने लावतात. पण त्याचा विद्युतदाब ०.३ मिलिव्होल्ट. तुमची सुई ४४-७ असेल तर ती देते ९.५. म्हणजे तिसाव्या हिश्श्याहूनही कमी. त्याला वेगळा प्रीॲम्प (ॲम्प्लिफायरआधी क्षीण संकेत वाढवणारी डबी) किंवा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि बहुतेक मूव्हिंग कॉइलची सुई घरी ओढून बदलता येत नाही. झिजली की आख्खं कार्ट्रिज कारागिराकडे पाठवा किंवा नवीन घ्या. महिन्यातून चार रेकॉर्ड्स ऐकणाऱ्या घरात मला हा संसार जास्त वाटतो.

जाता जाता, ४४-७ चा हा दणदणीत ९.५ चा आकडा स्वतःच कधी कधी ‘स’ फाडतो. तुम्ही आता जुन्या ॲम्प्लिफायरऐवजी एखादा छोटा नवा फोनो प्रीॲम्प वापरत असाल, तर तो चार-पाच मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजसाठी आखलेला असतो आणि मोठ्या आवाजाला त्याचा घसा बसतो. दुसऱ्या कुणाच्या ॲम्प्लिफायरवर जोडून ऐकता आलं तर ऐकाच.

७८ च्या रेकॉर्ड्सचं उत्तर आधी एका प्रश्नाने: तुमच्या टर्नटेबलवर ७८ चा वेग आहे का? १९७० च्या दशकातल्या बेल्टवाल्या बऱ्याच यंत्रांवर फक्त ३३ आणि ४५ असतात. नसेल तर हा विषय इथेच मिटला. असेल, तर एलपीची, म्हणजे नेहमीच्या ३३⅓ च्या रेकॉर्डची सुई त्यांच्यावर लावू नका. ७८ ची खाच बरीच रुंद. तिला ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं. एलपीसाठी बनवलेलं १८ मायक्रॉनचं टोक त्या खाचेच्या तळाशी, साठलेल्या कचऱ्यातून फरफटत जातं. लाखेच्या त्या तबकड्यांत दगडाची पूडही मिसळलेली असायची, त्यामुळे सुईही लवकर खपते. उलट चूक याहून वाईट: ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपी संपलीच समजा. तुमच्या बॉडीवर ४४-३ बसते, त्यामुळे दोन सुया ठेवा आणि त्यांच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि टाचण्या पुसायला आणलेलं अल्कोहोल या तबकड्यांना चुकूनही लावू नका. लाख त्यात विरघळते.

ज्यांच्याकडे टर्नटेबलऐवजी जुना रेडिओग्राम किंवा झाकणाचा रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यांनी वरचं कार्ट्रिज-पुराण स्वतःला लावून घेऊ नये. तिथे बहुतेक क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. सुईजवळ छोटी पात असते, ती फिरवली की एका बाजूला एलपीचं टोक, दुसऱ्या बाजूला ७८ चं. दाब चार-पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि आवाज इतका जोरकस की फोनो प्रीॲम्प लागतच नाही. त्या आर्मवर दोन ग्रॅम दाबाचं आधुनिक कार्ट्रिज धड चालणार नाही. सिरॅमिक असेल तर फक्त सुई बदला. क्रिस्टल असेल आणि आवाज क्षीण झाला असेल तर सुईने भागणार नाही: त्यातला रोशेल क्षाराचा स्फटिक दमट हवेत निकामी होतो. त्या जागी तशाच बांधणीचं सिरॅमिक बसवून घ्यावं.

तर तुम्ही काय करावं? जोडण्या पुसा, टोक झटका, दाब तपासा. दाबासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. आर्मवरच्या आकड्यांवर इतक्या वर्षांनी विसंबू नये. बॉडी ठीक निघाली तर जिकोसारख्या कंपनीची लंबगोल सुई मागवा. जुनी सुई पुढून सरळ ओढून काढायची, नवी तशीच सरकवायची. बॉडी जागची हलत नाही, म्हणून कार्ट्रिज पुन्हा मापात बसवण्याची यातायात वाचते. केवळ या सोयीसाठीही मी बॉडी असेपर्यंत तीच ठेवण्याच्या बाजूचा आहे. मागवण्याआधी सुईच्या प्लॅस्टिकवरचा आकडा वाचून घ्या. एम४४ समजून घेतलेली सुई दुसऱ्याच मॉडेलची निघाल्याच्या तक्रारी कमी नाहीत.

बॉडीच गेलेली निघाली तर नवं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज घ्या. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ घराणं मला बरं वाटतं, कारण एकाच बॉडीवर गोल टोकापासून शिबातापर्यंत आणि ७८ पर्यंत सगळ्या सुया बसतात. आज लंबगोल घ्या, पुढे हौस वाढली तर फक्त सुई बदला. मात्र त्यांच्या ७८ च्या सुईला पाच ग्रॅम दाब लागतो. तुमच्या आर्मच्या मागच्या वजनाने तेवढा दाब येतो का, ते आधी पाहा. ऑर्टोफॉनचं टूएम रेडही याच रांगेतलं. ही दोन्ही ४४-७ पेक्षा हळू आवाजात वाजतील. आवाज वाढवून मगच तुलना करा, नाहीतर जास्त जोरात वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. आणि नवं कार्ट्रिज बाबांच्या हेडशेलमध्ये बसवू नका. एक जादा हेडशेल घ्या, त्यात नवं बसवा. त्यांचं श्युअर त्याच्या हेडशेलसकट, त्यांच्या हाताने आवळलेल्या स्क्रूंसकट डब्यात राहू दे. नवं बसवताना कागदी मापपट्टीवर मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या बिंदूंना कार्ट्रिजच्या कडा छापील रेषांना समांतर आल्या पाहिजेत. घाई नको, अख्खी दुपार गेली तरी चालेल.

भावाबद्दल. ठेवायचं की विकायचं हे तुमचं तुम्ही ठरवाल, त्यात मी पडत नाही. पण सुई तपासल्याशिवाय विकलंत तर घेणारा ‘बंद यंत्र’ म्हणून भाव पाडेल, आणि दोष कदाचित एका मळलेल्या टाचणीचा असेल. आणि विकलंच, किंवा दुरुस्तीला कुठे पाठवलंच, तर सुई काढून वेगळ्या डबीत ठेवा, आर्मच्या मागचं वजन फिरवून काढा, आर्म त्याच्या टेकणीला मऊ दोऱ्याने बांधा आणि वरची जड तबकडी उचलून वेगळी गुंडाळा. यातलं काही न करता नुसतं खोक्यात घालून पाठवलेल्या टर्नटेबलची सुई सहसा पोचत नाही.